उपस्थिती

मामाजींच्या ट्रंकेत कपडे थोडे, वह्याच फार.
बासष्ट वर्षांचे रविवार,
जिनिंगच्या जुन्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर,
सुतळीनं शिवलेले.
दर रविवारी एकच आकडा : देवळात माणसं किती.
कधी सत्तेचाळीस. कधी एकतीस.
तूर सोंगणीच्या दिवसांत नऊ.
एकदा, पूर्णेला पूर असताना :
"पाळक, मी आणि वटवाघूळ. एकूण दोन."

शांतवन तेलगोटे, काटेवाला.
जन्मभर दुसऱ्यांचा कापूस तोलला,
काटा शेठच्या बाजूनं झुकू दिला नाही
म्हणून दोनदा नोकरी गेली,
दोनदा शेठनंच परत बोलावलं.
घरी मात्र लबाडी करायचे.
मटणाच्या दिवशी आपली नळी
हळूच धाकट्याच्या ताटात सरकवायची, वर म्हणायचं,
"माह्ये दात गेले बाप्पा आता."
धाकटा सांगतो, तेव्हा ते चाळिशीचे.
दात बत्तीसच्या बत्तीस.

मी सून होऊन आले
आणि पहिल्याच रविवारी भाजी खारट झाली.
म्हणाले, "आपली इहीरच खारी हाय पोरी,
तुह्या हाताचा काय दोष?"
सोमवारी सायकलला दोन कॅन बांधून
गोड्या पाण्याला गेले, चार कोस.

सूर त्यांना कधी लागला नाही.
मंडळी गायनपुस्तक उघडेपर्यंत
ते दुसऱ्या कडव्यात.
अकरा पाळक बदलले, कुणी बोललं नाही,
पेटीवाला अमोस तेवढा कपाळाला हात लावायचा.
शेवटच्या बाकामागे भिंतीवर
त्यांच्या तेलकट डोक्याचा गोल डाग आहे.
चुना मारला तरी वर येतो.

वह्या चाळताना एक रविवार निघाला
ज्याला आकडाच नाही.
फक्त : "रूथचे केस धुतले.
विंचरण्यात सकाळ गेली. गुंता फार."
त्या साली सासूबाईंची बोटं
आखडून गाठीगाठींची झाली होती.
पुढच्या रविवारपासून पुन्हा आकडे.
केस तेव्हापासून शनिवारी.

चौऱ्याण्णव.
ऐकायचं यंत्र कानात शिट्ट्या मारायचं,
मला कधी मेरी समजायचे,
कधी लहानपणी गेलेली बहीण हन्ना.
जेवणाआधीच्या प्रार्थनेत मात्र सगळ्यांची नावं, क्रमानं,
सर्ज्या बैलाचंसुद्धा,
तो जाऊन तीस वर्षं झालेली.
भात निवायचा.
आम्ही एक डोळा उघडून भाताकडे बघायचो.

मंगळवारी देऊळ भरलं.
कासमभाई सायकलवाले आले, पाटलांकडचे आले,
जिनिंगचे दोन म्हातारे हमाल
चपला कुठं काढायच्या विचारत दारातच उभे.
अमोसनं पेटी धरली
आणि सगळ्यांचा सूर अगदी बरोबर लागला.
कसंसंच झालं ऐकून.

रात्री वही काढली, तारीख घातली.
मी मोजली होती माणसं : दोनशे अकरा.
त्यांना धरून, की सोडून?
नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, उद्या बघू.
आकडा अजून पेन्सिलनंच आहे.

आज शनिवार.
सासूबाई ओसरीत केस मोकळे सोडून बसल्यात
केव्हाच्या.
फणी ते कुठं ठेवायचे,
घरात कुणालाच माहीत नाही.