पदेराचा भोंगा

कुडचड्यात, रेल्वे फाटकाच्या अलीकडे,
माझ्या वर्गाची जमीन फळ्यांची आहे.
पाय आपटला की सात माना वळतात.
खनिजाची मालगाडी जाते तेव्हा
मी थांबते;
मुलं तळवे टेकून ती वाचून काढतात.

जे शिकवते ते मलाच अर्धं येतं.
माझ्या हातांना अजून ऐकणाऱ्यांचा हेल आहे.
‘पाणी’ सांगताना ओठ आधी हलतात,
आणि पाच वर्षांची सुलक्षा
माझा अंगठा धरून जागेवर बसवते,
वाकडी टिकली सरळ करावी तसा.

लॅन्सन महिनाभर गप्प होता. हात मांडीखाली.
मग एका सकाळी डबा उघडला,
उंड्याकडे बघितलं
आणि हवेत मूठ दाबली. दोनदा.
मला कळेना. सुलक्षाला कळलं:
पदेर! सायकल, टोपली, रबरी भोंगा.

भोंगा वाजतो, हे त्याला माहीत नाही.
त्याने एवढंच पाहिलंय,
एक माणूस हँडलवर मूठ दाबतो
आणि वाड्यावरची दारं उघडतात.

‘आई’ घेतली त्या दिवशी अडून बसला.
नाकावर बोट, चमकीच्या जागी;
सहा जणांनी केलं.
त्याने नाक चाचपलं, मान हलवली.
त्याच्या आईला चमकी नाही.
पुस्तकातली आई दुसऱ्या कुणाची तरी.
मी खडू घेऊन उभी. खडूचा काय उपयोग.

इझिल्डा साडेबाराला येते,
फणसाखाली थांबते, दोन्ही हात पिशवीत.
कुणा डॉक्टरांनी सांगितलंय तिला:
खुणा केल्यात तर वाचा फुटणार नाही.
तीन वर्षं तिने हात असे जपलेत
जशी गवताच्या गंजीपाशी पेटती काडी.

आज लॅन्सन पायरीवरच थांबला.
तिच्याकडे बघत मूठ दाबली.
ती नुसती बघत राहिली.
मी समजवायला निघाले होते,
का थांबले, सांगता येत नाही.
त्याने परत दाबली.
इझिल्डाने पिशवी खाली ठेवली,
एक पाऊल पुढे आली.
त्याने ते नीट बघून घेतलं. दाबली.
अजून एक पाऊल.
दाबली.
अजून.

अर्ध्या अंगणात ती उभी राहिली.
इकडेतिकडे बघितलं, ओशाळून,
कुणी डॉक्टर तर नाही ना आसपास.
मग आपली मूठ वर केली,
पिठाची, जड, न सरावलेली,
आणि एकदाच दाबली.

तो सुटला धावत,
चपला पायरीवरच.