तीन हजार एकशे सतरा

गिरणी बंद पडल्यावर बरीच वर्षं बरंच काही केलं,
मग महापालिकेच्या वृक्षगणनेत लागलो, रोजंदारीवर.
दिवसाला दीडशे झाडं.
बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर,
पांढरा पट्टा, त्यावर गेरूनं आकडा.
मे महिना. पारा शेहेचाळीसवर.
सेमिनरी हिल्सच्या उतारावर वारा नव्हताच,
होता तोही कुणाच्या तरी चुलीतून आल्यासारखा.

डबा धरायला जयवंता उईके, देवलापारकडची.
प्रत्येक झाडाला आधी तळहात लावायची,
थांबायची,
मग ब्रश माझ्या हातात द्यायची.
मी म्हणायचो, बाई, अशानं दिवाळी उजाडेल.
ती म्हणायची, "अनोळखी घरात शिरताना
तुम्ही कडी नाही वाजवत का जी?"

मोबाइलमध्ये रकाने होते.
मालकी: शासकीय, खासगी, इतर.
कडुनिंबावर मुंग्यांची रांग वर चालली होती,
ढोलीत पिंगळा डोळे मिटून,
फांदीला मधाचं पोळं.
मी 'शासकीय' दाबलं.
मुंग्या चालतच राहिल्या.

स्थिती: निरोगी, रोगट, मृत.
सालईचं एक वठलेलं खोड, पान एकही नाही.
जयवंता हसली. "नीट पाहून घ्या."
साल उचलली तर आत वाळवीचं अख्खं नगर,
मागच्या पावसातली अळंबी, कानासारखी सुकलेली,
सुतारानं कोरलेल्या भोकात मैनेची पिलं चोची वासून,
बुडाशी पिंपळाचं रोप, नखाएवढ्या दोन पानांचं.
"हे सारं मेलं म्हणून लिहून राहिले?"
बोट अधांतरी धरून मी बराच वेळ उभा.
मामा गेले तेव्हा मोक्षधामला असाच उभा होतो.
नळावर हात धुतले आणि घरी आलो,
मामा संपले म्हणून.
घाई झाली, असं आता वाटलं.

मग तो ऐन आला.
साल सुसरीच्या पाठीसारखी.
तिनं चप्पल काढली, त्या तापलेल्या मुरमावर.
"याच्यात आमचा देव बसते."
मग बाकीच्यांत नाही?
"असं कोण म्हणलं? हे त्याचं घर.
फिरायले तं सगळीकडेच जाते."
आणि मूर्ती?
तिनं माझं डोकं धरून
कान सालीला लावला.

मी चमत्कार सांगत नाही.
ऐनाच्या खोडात भर उन्हाळ्यातही पाणी असतं,
हे पुढे एका वनरक्षकानं सांगितलं.
पण तेव्हा गालाला गार लागलं
आणि आत काहीतरी
अतिशय सावकाश
वर चढत होतं.
किंवा माझंच रक्त असेल, कानात वाजणारं.
कोणतं कोणाचं, मला वेगळं काढता आलं नाही.
आजवर देवापुढे उभा राहिलो की मागायचो:
नोकरी, जावई, गुडघा.
पहिल्यांदाच काही मागायचं सुचलं नाही.

जयवंता सावलीत तंबाखू मळत बसली होती.
तिच्यासाठी यात विशेष काही नव्हतं.

रात्री कूलरच्या ताट्यांतून ओल्या वाळ्याचा वास.
लहानपणापासून घेतोय.
त्या रात्री ध्यानात आलं, हे मूळ आहे,
कुठल्याशा नदीकाठची माती धरून राहिलेलं,
उपटल्यावरही पाणी मिळालं की बोलणारं,
आणि मी ते छातीत भरून घेतोय,
कधी न विचारता.
अंधारात तळहात स्वतःच्याच बरगड्यांवर ठेवला,
थांबलो.
कडी वाजवल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी दहीकर साहेबांनी यादी तपासली.
"तीन हजार एकशे सोळा आहे, अठरा आहे.
सतरा कुठाय?"
रंग संपला होता, म्हणालो.

डबा अर्धा भरलेला होता.
जयवंतानं तो हळूच
पाठीमागे नेला.