शिळा आकडा

पहाटे चार. अंबडच्या ऑफिसात पंखा एकटाच बोलतो.
रक्तपेढ्यांचे आकडे डिस्कवरून उचलते,
मेमरीत मांडते,
गिऱ्हाईक यायच्या आत दुकान लावावं तसं.

तीन नोड. नावं हृषीकेशने ठेवली:
पंचवटी, सिडको, देवळाली.
तिघांचं पाठांतर एकच,
निदान आम्ही तसं धरून चालतो.

चार सतराला पंचवटीत लिहिलं गेलं:
ओ निगेटिव्ह, शून्य.
सिडकोने ऐकलं.
देवळाली अजून म्हणतोय, दोन पिशव्या.
खोटं बोलत नाही तो,
त्याला कुणी सांगितलंच नाही.

आणि बिटकोवरून कुणी रिक्षा केली असेल तर
त्या दोनांच्या भरवशावर?

नोंद हाताने पुसते.
रिकामी जागा बरी, ती मूळ वहीला विचारते तरी.

मग फोन लावते. काउंटरवर कचरू निरभवणे:
“एक बाई आत्ताच गेल्या, मॅडम.
मोबाइल पुढे धरला त्यांनी.
मी फ्रीज उघडून दाखवला.”

चार चोवीस. तिन्हीकडे शून्य.
अगदी बरोबर, सात मिनिटं उशिरा.

शिळं व्हायची मुदत दहा मिनिटं होती,
ती तीस सेकंदांवर आणते.
डिस्क कुरकुरेल.
कुरकुरू दे.