हळदीचा डाग

बेलापूरच्या कोर्टात माझं काम एका वाक्याचं.
पिंजऱ्यात माणूस उभा राहिला
की मी पुढे होतो, म्हणा माझ्यामागून :
ईश्वरसाक्ष खरं सांगेन...
एकोणीस वर्षं.
वाक्य आता तोंडात सुपारीसारखं फिरतं,
चव गेलेलं.

परवा पिंजऱ्यात हसुरामशेठ.
स्थायी समितीचे सभापती, पांढऱ्या सदऱ्याला कडक इस्त्री.
मी म्हटलं तसं त्यांनी म्हटलं,
माझ्याहून खणखणीत.
सवय आहे त्यांना. असंच काहीसं म्हणून तर
बसलेत खुर्चीत.

वकीलबाईंनी विचारलं,
शाळेचा जिना ज्यानं बांधला,
जो चौदा महिन्यांत खाली आला,
त्या पद्माकर कंत्राटदाराला ओळखता?
"नाव ऐकून आहे."
घरी येणंजाणं?
"तोंडओळखसुद्धा नाही."

टाईप करणाऱ्या मुलीनं तेवढंच टाईप केलं.
मी दाराशी, हात मागे बांधून,
आणि डोळ्यांपुढे करावे गावातला मांडव.

पद्माकरच्या पोराची हळद.
शेठ आले बाराच्या पुढे.
पद्माकरनं मिठी मारून दोन्ही गाल पिवळे केले त्यांचे,
मग बँजोवर दोघे नाचले,
खांद्यावर खांदा, घामानं निथळत.
पंगतीत मटण वाढत होतो मी.
"नळी घाल रे," म्हणाले, "नळी."
मी पातेल्यात तळापर्यंत डाव फिरवून
शोधून घातली.

खोटं तसं लहानच.
जिन्यात कोणी मेलं नाही.
एका पोराच्या मांडीत सळई आहे,
दहावीच्या पेपरांना बापाच्या पाठीवरून गेला, इतकंच.

बेबी म्हणते, "तू गप ऱ्हा.
तुझे आईला रातचे अडीचला गाडी कोनी पाठवली?
गावान पानी कोनी आनला?
एका शब्दासाठी मानसाला खुर्चीवरना उठवतान काय?"
मला उत्तर सुचत नाही.
गाडी खरी होती.
आई त्यानंतर चार वर्षं जगली, तीही खरीच.

पण मागच्या मार्गशीर्षात
तुर्भ्याचा सुखदेव, कोथिंबीरवाला,
याच पिंजऱ्यात म्हणाला,
भावाच्या मारामारीत मी नव्हतोच.
होता. निघालं ते.
साहेबांनी खोट्या साक्षीची नोटीस काढली.
दर तारखेला येऊन माझे पाय धरायचा,
माझे,
जणू ते वाक्य माझ्या मालकीचं.
तारखा करता करता मार्केटातली जागा गेली त्याची.
सुखदेवला उठवलं तेव्हा
कोणी मोजलं नाही
त्यानं किती घरांना जुड्या उधार दिल्या होत्या.

त्या हळदीच्या रात्री
जाताना शेठनं माझ्या खांद्यावर थाप मारली होती.
"छान वाढलंस."
पंजा उमटला शर्टावर.
बेबीनं साबण लावला, डाग लाल झाला.
साबणानं हळद लालच होते,
ठाऊक असून ती घासत राहिली.
शेजारीण म्हणाली, उन्हात टाक, आठवड्यात जाईल.
ऊन भरपूर होतं.
मीच दोरीवरून काढला,
घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवला.
का ठेवला, तेव्हा मला तरी कुठे कळलं होतं.

आज पुन्हा तारीख.
डब्याच्या पिशवीत डब्याखाली शर्ट आहे,
चार बोटं आणि अंगठा, फिकट झालेली.
भाजीचा रस्सा सांडू नये म्हणून
मी पिशवी सरळ धरून चाललोय
कोर्टाच्या पायऱ्यांवर.
वकीलबाई कोपऱ्यात चहा पितायत, एकट्याच.

एकच अडचण वाटते.
पिंजऱ्यात मी उभा राहिलो
तर ते वाक्य
मला कोण सांगणार?