इतर

सकाळी सहाला यंत्र लावते
आणि सगळ्यांत आधी मीच फुंकते.
नियमच आहे: निरोगी माणसाचा श्वास रोज एकदा,
म्हणजे कळतं, बिघाड नळीत आहे की माणसांत.
दोन लिटर ऐंशी. काल एक्क्याऐंशी होते.
ठीक. यंत्र बरोबर आहे. मीही.

खिडकीबाहेर रास अल खैमाचे डोंगर,
अर्धे उभे, अर्धे जहाजांत भरून गेलेले.
खोर ख्वैरहून खाणीची बस येते.
उतरणारी माणसं आधी पापण्या झटकतात.

पाच भाषांत मला एकच शब्द येतो.
फूं दाओ. इन्फुख. ऊतू. ऊदु. फुंक.
अजून अजून अजून अजून,
दिवा विझवायचा नाहीये, तळ खरवडायचा आहे.

पोचय्या, जिल्हा निजामाबाद, वय सेहेचाळीस,
क्रशरवर एकोणीस वर्षं.
उंचीसाठी चपला काढल्या, पण पाठ सरळ होईना,
तेव्हा म्हटलं, हात पसरा.
विहिरीचा दोर मोजायचे ती जुनी वाव
अशी भिंतीला टेकवून घेतली: एकशे एकसष्ट.
क्षणभर वाटलं, मिठीच मारतोय.
तोही लाजला.

या वयाच्या, या उंचीच्या पुरुषाकडून
यंत्राला अपेक्षित: चार लिटर.
कुणाच्या छात्या मोजून ठरले हे चार?
कुठल्याशा थंड गावातली माणसं असतील,
विडी न ओढणारी, दुधातुपावर वाढलेली,
एखाद्या दुपारी हौसेनं येऊन फुंकून गेली असतील,
नंतर चहा झाला असेल.
त्यांना काय कल्पना,
त्यांच्या त्या दुपारीला कुणाकुणाला पुरं पडायचंय.

पोचय्याचे तीन. पंचाहत्तर टक्के.
आमच्या इचलकरंजीत पंचाहत्तरला डिस्टिंक्शन म्हणत,
गल्लीत पेढे वाटत.
इथं ऐंशीच्या खाली लाल अक्षरं.

मग एक रकाना उघडतो: वंश.
चार नावं, चारांतलं एकही आमचं नाही.
सगळ्यांत खाली, इतर.
इतर दाबलं की यंत्र समजुतीनं घेतं,
चाराचे तीन पूर्णांक सहा करतं.
तोच श्वास, नळीवरची थुंकीसुद्धा वाळलेली नाही,
आणि त्र्याऐंशी. हिरवं.

अण्णा यंत्रमागावर होते.
रविवारी बरे असत, सोमवारी छाती आवळून येई.
मोजलं कुणीच नाही.
आई म्हणायची, यांच्या घराण्यातच श्वास आखूड.
म्हणजे तीही इतरच दाबत होती,
तिच्याकडे तर बटणही नव्हतं.

"पास?" पोचय्या विचारतो.
लाल आलं तर एक्स-रे, मग सही, मग बहुधा तिकीट.
हिरवं आलं तर उद्या पहाटे क्रशर.
मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हणाला,
आणि मी न सांगताच नळी पुन्हा तोंडाला लावली.
आठ वेळा फुंकायची मुभा असते, हे त्याला ठाऊक होतं.
चौथ्यांदा दोन लिटर नव्वद.
पाचव्यांदा त्याहून कमी.
सहाव्याला त्यानं टेबल धरलं
आणि मी ओरडले, चालु, चालु!
तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
मागच्या वर्षी त्यानंच शिकवलं होतं.
माझ्या कानाला मात्र अजून ते
चालूच ऐकू येतं.

दोन्ही कागद छापले, लाल वर, हिरवा खाली,
टाचणी मारली, पेन्सिलनं लिहिलं:
उंची वावेवरून. दगडाची धूळ, एकोणीस वर्षं.
एक्स-रे पाहावाच.
डॉक्टर वरचा कागद वाचतील
की पान उलटतील, माहीत नाही.
जाताना तो "थँक्यू मॅडम" म्हणाला. कशाबद्दल, कुणास ठाऊक.

आज सकाळी फुंकलं. दोन लिटर ऐंशी.
आणि पहिल्यांदाच माझ्या नावापुढचा रकाना उघडून बघितला.
बसवणाऱ्या माणसानं
तीन वर्षांपूर्वीच भरून ठेवला होता.

बस आली.