तीन मिनिटांची लाल फाक

अहमदपुरात, माझ्या बॅटरीच्या दुकानामागच्या खोलीत
जहाजावरचं एक घड्याळ आहे.
पितळी कड, काचेवर चरा,
आणि पंधरा ते अठरा, पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस
अशा दोन लाल फाका,
टरबूज कापल्यागत.
गिऱ्हाईक विचारतं, कुठल्या कंपनीचं?
मी म्हणतो, कंपनी बुडाली.

मी रेडिओ ऑफिसर होतो.
गावात सांगितलं की लोक म्हणायचे,
म्हणजे गाणी लावता?
नाही. मी ऐकायचो.
काटा लाल फाकेत शिरला
की पाचशे किलोहर्ट्झवर अख्ख्या दर्यानं गप्प बसायचं.
भावताव बंद, हवामान बंद, खुशाली बंद.
बुडणाऱ्याची बॅटरी आधीच अर्धी भिजलेली असते,
त्याचा आवाज डासाएवढा.

आईचं नाव गंगासागर.
तिनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी लिंबोटीच्या धरणाचं,
तेही भरलेलं एकदाच.
एका सुट्टीत तिला कागदावर घड्याळ काढून दाखवलं.
पुढच्या सुट्टीत आलो तर
घरातल्या घड्याळाच्या काचेवर कुंकवाच्या दोन फाका!
ग्रीनविचचा तास निराळा, पण मिनिटं जुळतात,
साडेपाच तासांतला तो अर्धा तास
आमच्या कामी आला.
तेवढा वेळ ती जातं थांबवायची, पोरांना दटावायची,
"गप ऱ्हावा, व्यंकटाला ऐकू येऊ द्या."

मग नव्याण्णव साल. नवे नियम.
सत्तर नंबरच्या चॅनलवर मशीन पहारा देणार,
जहाज चार मीटर खाली जायच्या आत
पिवळा डबा आपोआप सुटून वर येणार,
अठ्ठेचाळीस तास आकाशाला हाका मारणार,
होडीत हातातले तीन सेट, चार्ज केलेले.
यादी चांगली होती. मी स्वतः दोनदा तपासली.
तीत फक्त माझी खुर्ची नव्हती.
जहाज तोडायला गेलं, मी घड्याळ मागून घेतलं.

आईला म्हटलं, आता गप्प बसायचा नियम उठला,
मशीन ऐकतं.
"मशीनला हुंदका कळतंय का रं?"
असं म्हणून तिनं पंखा बंद केला.

एका चैत्रात, रात्री पावणेदहाला,
टीव्हीवरची मालिका ऐन रंगात असताना
तिनं नेहमीसारखा हात वर केला.
मी वैतागून बटण दाबलं.
भिंतीतून आवाज.
ठक. ठक. ठक.
मग काहीच नाही.
मोर्स नव्हतं. काहीच नव्हतं ते,
पेला असावा, स्टीलचा.

आई उठली, खलातला बत्ता घेतला
आणि भिंतीवर तीनदा हाणला.
पोच आधी द्यायची असते,
हे मी तिला कधीच शिकवलं नव्हतं.

आणि माझ्या तोंडून, इतक्या वर्षांनी, त्याच क्रमानं:
नाव काय?
सत्यशीला. भिकाण्यांची सून.
ठिकाण?
मोरीत.
काय झालं?
बाहेरून कुलूप. लग्नाला गेलेत कंधारला. परवा. फोन नेला.
माणसं किती?
भिंत जरा वेळ गप्प झाली.
दोघी, म्हणाली.
पोरगी अडीच महिन्यांची.

कुलूप मी बॅटरीच्या पान्यानंच तोडलं.
पोरीचे ओठ सुकलेले, पण रडत होती,
आणि आई म्हणत होती, रड माय, रड.
जुन्या लॉगबुकात कोरी पानं उरली होती.
लिहिलं: २१.४७. भिंत. स्वच्छ ऐकू आलं.

खटला अजून चालू आहे.
सत्यशीला दुकानात बसते, ॲसिड मोजते,
गिऱ्हाइकाशी उधारीवरून भांडते, माझ्याहून बरं.
आई गेली त्याला चार वर्षं झाली.
काचेवरचं कुंकू कुणी पुसलं नाही.

पावणेदहा झाले की मी पंखा बंद करतो.
घाम येतो. कुत्री भुंकतात. बसस्टँडकडून हॉर्न.
बहुतेक रात्री काहीच ऐकू येत नाही.
दर्यावरही बहुतेक रात्री
काहीच ऐकू यायचं नाही.