अंगठे

मी फक्त अंगठे शिवते.
तळवे सुगराबी करते, बोटं कापून येतात बाहेरून,
अस्तर भरतो तो नवा पोरगा, शिंकत शिंकत.
साकीनाका, गाळा नंबर चौदा, वर पत्रा.
मे महिना पत्र्यावर बसलाय खुडूक कोंबडीसारखा,
उठायचं नाव नाही.

हातमोजे आहेत. बर्फावर पळणाऱ्या मोटारीचे.
मुनाफशेटनी एकदा मोबाइलवर दाखवली होती :
पुढे दोन पट्ट्या घसरायला, मागे रबरी पट्टा,
मध्ये माणूस,
बाकी सगळं पांढरं, जणू कुणी चित्र काढायचंच विसरलंय.
पोरगा म्हणाला, हिची चाकं कुठंयत?
शेट म्हणाले, तू अस्तर भर.

तिला मूठ पिळायची नसते, आपल्या स्कूटरसारखी.
उजव्या अंगठ्यानं खटका दाबायचा
आणि दाबूनच ठेवायचा, गाव येईपर्यंत.
मूठ आतून वायरीनं तापलेली असते म्हणे,
चार बोटं तिला बिलगून बसतात.
अंगठा एकटा बाहेर.
वारा आधी त्यालाच गाठतो.
म्हणून उजव्याला अस्तर दुहेरी,
नखावर शिवण येता कामा नये.
डाव्याला रबराची चिंधी, चष्म्यावरचं बर्फ पुसायला.

आई शाळेत गेली नाही.
एकदाच अंगठा दिला तिनं, निळ्या शाईचा,
आणि ट्रॉम्ब्याची खोली काकांची झाली.
मला सही येते. वळणदार आहे, बाई म्हणायच्या.
तरी प्रत्येक मोज्यात मी माझा अंगठा घालून बघते,
टाका टोचतोय का.
दिवसाला नव्वद जोड.
बाहेर काढते तेव्हा ओला असतो.

मागच्या महिन्यात एक जोड बाद झाली.
दोन्ही उजवे.
शेट म्हणाले, घेऊन जा, नाहीतरी भंगारात जाणार.
मुंबईत हे घालायचं कुणी?
मला एकच बाई आठवली.

चांगुणा तांडेल, आमच्या गल्लीतली,
पहाटे चारला भाऊच्या धक्क्यावर असते.
टोपलीत थर लावते : बर्फ, पापलेट, बर्फ, सुरमई, बर्फ.
सहा वाजता तिची बोटं बघावीत,
पांढरी, सुरकुतलेली, कुणा दुसऱ्याच बाईची वाटतात.
चहाचा ग्लास ती धरत नाही, दोन तळव्यांत कोंडते,
आणि पीत नाही बराच वेळ.

मोजे बघून हसली.
"दोनी उजवे? बरं झालं.
माजा डावा काय कमी राबतो?"

दुसऱ्या दिवशी दारात उभी, मोजे पिशवीत.
पाणी आत शिरलं होतं, वजन शेरभर वाढलेलं.
पण तिची तक्रार ती नव्हती.
"ऊब हाय गो. झ्याक हाय.
पन कल्ला उचलून बोट लावल्याबगर
म्हावरं ताजं का शिळं, कोन सांगेल मला? तुजा शेट?"
मी गप्प.
मग हळूच म्हणाली,
"गार पडला तरी हात माजाच लागतो."

मला वाटलं, परत द्यायला आलीय.
परत नाही दिले.
एक तिनं ठेवलाय चुलीपाशी,
कालवणाचं टोप उतरवायला.
दुसरा तिची नात घालून फिरते,
कोपरापर्यंत जातो तिला, वाघीण आहे म्हणते.

आज मोठी ऑर्डर आहे. पंखा बंद, लाइट गेलीय.
दाराशी उजेड आहे तेवढ्यात हातशिलाई चालू.
तिकडे कुणीतरी माणूस असेल,
खटक्यावर अंगठा दाबून निघालेला, घरी किंवा कुठेही.
त्याला कळायचं कारण नाही,
पण आत आधी कुणीतरी जाऊन आलंय, दादा.
टोचणार नाही. बघितलंय मी.